गार्डच्या हातात काय द्यायचं: पेज कॅशच्या प्रकल्प नोंदी

४ सप्टेंबर २०२५

पेज कॅशचं काम आज हातात घेतलं. फाइलमधली ४०९६ बाइटची पानं मेमरीत ठेवायची, ज्याला हवं त्याने पान लॉक करून वाचायचं-लिहायचं, आणि बदललेली पानं मागे चालणाऱ्या एका थ्रेडने (प्रोग्राममधल्या समांतर धाग्याने) डिस्कवर उतरवायची. भाषा रस्ट.

स्टँडर्ड लायब्ररीत म्यूटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं लॉक) असताना स्वतःचं लॉक लिहायचं कारण इथे नोंदवून ठेवते, कारण हा प्रश्न पुढे येणारच. मला लॉक केलेलं पान, लॉक न सोडता, दुसऱ्या थ्रेडच्या हवाली करायचं आहे. पान बदलणारा थ्रेड काम उरकून मोकळा होईल, आणि लिहिणारा थ्रेड पान डिस्कवर गेल्यावरच लॉक सोडेल. स्टँडर्ड म्यूटेक्सचा गार्ड, म्हणजे लॉक घेतल्यावर हाती येणारी वस्तू, एका थ्रेडमधून दुसऱ्यात नेता येत नाही. ज्या थ्रेडने लॉक घेतलं त्यानेच ते सोडायचं, अशी अट पीथ्रेडसारख्या खालच्या थरातल्या म्यूटेक्सवर असते, म्हणून त्या गार्डला सेंड, म्हणजे थ्रेड बदलायची परवानगी, दिलेली नाही. पार्किंग-लॉट या क्रेटमध्ये (बाहेरच्या लायब्ररीत) सेंड-गार्ड असं फीचर आहे आणि निव्वळ एवढ्यासाठी ते पुरलं असतं. पण मला गार्ड सुटताना पानावर ‘बदललं’ अशी खूणही करायची आहे आणि लॉक व ती खूण दोन्ही पानाच्या माथ्यावरच, एकाच छोट्या स्ट्रक्टमध्ये हवी आहेत.

गार्ड ही वस्तू जिवंत आहे तोवर लॉक आपलं, ती ड्रॉप झाली, म्हणजे तिचं आयुष्य संपलं, की लॉक सुटलं. सी++ मध्ये ही पद्धत जुनीच आहे, सी++११ पासून तिथे लॉक-गार्ड आहे. फरक असा की तिथल्या गार्डला फक्त म्यूटेक्स माहीत असतो. त्या म्यूटेक्सने कोणता डेटा राखायचा हे प्रोग्रामरच्या डोक्यात असतं. रस्टमध्ये डेटा लॉकच्या पोटात असतो आणि गार्डमधूनच तिथे जाता येतं. म्हणजे इथे गार्डला डेटापर्यंतची वाट दाखवावी लागते.

६ सप्टेंबर

लॉक तयार. आत एक अॅटॉमिक आकडा: ० म्हणजे मोकळं, १ म्हणजे घेतलेलं. घेताना कंपेअर-एक्स्चेंज (० असेल तरच १ करणारी एकसंध क्रिया), अॅक्वायर क्रमाने. सोडताना ० लिहायचं, रिलीज क्रमाने. सोडणाऱ्याने रिलीजच्या आधी जे जे लिहिलं ते अॅक्वायर करणाऱ्याला दिसलंच पाहिजे, एवढ्यासाठी ही जोडी. दोन्हीकडे रिलॅक्स्ड, म्हणजे क्रमाची हमी नसलेलं, ठेवलं तर एक्स८६ वर बरेचदा चालून गेल्यासारखं वाटतं आणि एआरएमवर उघडं पडतं, म्हणून ही ओळ ‘नंतर बघू’ म्हणून सोडायची नाही.

पान अनसेफसेलमध्ये (साध्या रेफरन्समधूनही आतलं बदलू देणाऱ्या डब्यात) आहे. गार्डमध्ये दोन फील्ड ठेवली: लॉकचा साधा रेफरन्स आणि पानाचा म्यूटेबल (लिहिता येणारा) रेफरन्स. लॉक हाती आलं की एका अनसेफ ओळीत, म्हणजे जिची जबाबदारी कंपायलरऐवजी माझी त्या ओळीत, रॉ पॉइंटरपासून म्यूटेबल रेफरन्स करायचा आणि तो गार्डमध्ये ठेवून द्यायचा. त्या ओळीवर कॉमेंट लिहिली: ‘लॉक आपल्याकडे आहे, म्हणून या पानाला दुसरं कोणी हात लावणार नाही, म्हणून हा रेफरन्स एकमेव आहे.’

चार थ्रेड, प्रत्येकाने दहा हजार वेळा एकच आकडा वाढवायचा. चाळीस हजार बरोबर आले. डीबग बिल्डमध्ये आले, रिलीजमध्येही आले.

११ सप्टेंबर

आज मिरी चालवलं आणि टेस्ट पडली.

मिरी हा रस्टचा इंटरप्रिटर. प्रोग्राम यंत्रभाषेत न नेता तो ओळीओळीने स्वतः चालवतो आणि चालवताना प्रत्येक पॉइंटरवर एक टॅग ठेवतो: हा पॉइंटर कोणापासून निघाला, याला या बाइटवर लिहायचा हक्क आहे का, तो हक्क अजून शाबूत आहे का. फार सावकाश चालतो. ४०९६ बाइटची पानं घेऊन बसले तेव्हा टेस्ट संपेचना, म्हणून मिरीखाली पान १६ बाइटचं केलं आणि दहा हजारांऐवजी वीस फेऱ्या ठेवल्या.

पहिल्या वेळी टेस्ट पास झाली. मग वेगवेगळ्या सीडवर चालवली. मिरी सगळे थ्रेड एकाआड एक चालवतो आणि मध्येच कुठेही थ्रेड बदलतो. ते कुठे बदलायचं हे सीडवर ठरतं. ० ते ६३ अशा सीडमधल्या काहींवर टेस्ट पडली, बाकीच्यांवर नाही. तक्रारीचा मतलब असा: या जागेवर लिहायचं तर एक जुना टॅग रद्द करावा लागेल, पण तो टॅग अजून संरक्षित आहे. बोट दाखवलं होतं ते लॉक घेण्याच्या फंक्शनमधल्या त्याच अनसेफ ओळीवर, जिच्यावर मी इतक्या खात्रीने कॉमेंट लिहिली होती.

डेटा रेसची (दोन थ्रेडनी ताळमेळ न ठेवता एकाच जागी वाचण्या-लिहिण्याची) तक्रार नव्हती. अॅक्वायर-रिलीज बरोबर आहेत. दोन थ्रेड एकाच वेळी आत शिरल्याचंही दिसलं नाही. लॉक आपलं काम चोख करतंय, आणि तरीही रेफरन्स एकमेव नाही असं मिरी म्हणतोय. संध्याकाळपर्यंत मी लॉकमध्येच चूक शोधत होते.

१२ सप्टेंबर

कळलं. थ्रेडचा याच्याशी संबंधच नाही, म्हणून आधी थ्रेड काढून टाकले आणि चार ओळींची टेस्ट लिहिली.

एक फंक्शन. त्याला दोन आर्ग्युमेंट: गार्ड, तो मूव्ह होऊन आलेला, आणि त्याच लॉकचा साधा रेफरन्स. आतली पहिली ओळ गार्डमधून पानाच्या पहिल्या बाइटमध्ये ७ लिहिते. दुसरी गार्ड ड्रॉप करते. तिसरी लॉक पुन्हा घेते. चौथी नव्या गार्डमधून त्याच बाइटमध्ये ९ लिहिते. बस. बॉरो चेकरला (रेफरन्सचे नियम तपासणाऱ्या कंपायलरच्या भागाला) यात काही गैर दिसत नाही, आणि माणसालाही दिसत नाही: सोडलं, पुन्हा घेतलं, लिहिलं. मिरी मात्र दर वेळी, कुठल्याही सीडवर, तिसऱ्या ओळीत थांबतो.

कारण म्यूटेबल रेफरन्स जे वचन देतो त्याची मुदत मी चुकीची धरली होती. म्यूटेबल रेफरन्स आर्ग्युमेंट म्हणून फंक्शनमध्ये आला की रस्ट कंपायलरला सांगतं: हे फंक्शन परत येईपर्यंत या जागेला दुसऱ्या कुठल्याही वाटेने कोणी हात लावणार नाही. परत येईपर्यंत. त्या रेफरन्सचा शेवटचा वापर होईपर्यंत नव्हे, आणि तो ज्या स्ट्रक्टमध्ये आहे ते ड्रॉप होईपर्यंतही नव्हे. रेफरन्स थेट आर्ग्युमेंट असो की आर्ग्युमेंट म्हणून आलेल्या स्ट्रक्टचं फील्ड असो, मिरी त्यावर फंक्शनच्या दारातच संरक्षक टॅग लावतो आणि फंक्शन संपल्यावरच काढतो.

माझं लॉक पानाचं एकमेवपण ड्रॉपपर्यंत राखतं. रेफरन्स ते फंक्शनच्या शेवटापर्यंत मागतो. दुसऱ्या ओळीपासून फंक्शनच्या शेवटापर्यंतचा जो तुकडा उरतो, त्यात वचन दिलेलं आहे आणि ते पाळायला कोणी नाही.

कंपायलरला या वचनाचा काय उपयोग? ७ लिहिण्याची ओळ तो हवी तेवढी पुढे ढकलू शकतो. या फंक्शनमध्ये त्या बाइटला दुसरं कोणी शिवणारच नाही असं त्याला सांगितलंय, म्हणजे ते ७ शेवटी लिहिलं तरी फरक पडू नये. पण ९ नंतर ७ लिहिलं गेलं तर पानात ७ राहील. माझ्या रिलीज बिल्डमध्ये ९ च आले, हे प्रामाणिकपणे लिहायला हवं. आज कंपायलरने ती मुभा वापरली नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि पहिल्या टेस्टमध्ये काही सीडवरच का पडलं तेही आता सरळ आहे. मी तिथे ड्रॉप फंक्शनला गार्ड देत होते. ड्रॉप हेही एक फंक्शनच, गार्ड आर्ग्युमेंट म्हणून घेणारं. त्याच्या आत लॉक सुटल्यानंतर आणि ते परत येण्याआधी थ्रेड बदलला, दुसऱ्याने लॉक घेतलं, की झालं. केवढीशी फट, पण ६४ सीडमध्ये मिरीला ती सापडली.

१३ सप्टेंबर

खात्रीसाठी कंपायलरचा एलएलव्हीएम आयआर (यंत्रभाषेच्या आधीचं मधलं रूप) काढून पाहिला. गार्ड फंक्शनमध्ये दोन पॉइंटर होऊन जातो. पहिल्यावर, म्हणजे लॉकच्या रेफरन्सवर, नोएलियास (‘या जागेला दुसरी वाट नाही’ असा शिक्का) नाही, कारण लॉकच्या पोटात अनसेफसेल आहे आणि ‘हे कोणाच्याही मार्फत बदलू शकतं’ हे कंपायलरला ठाऊक आहे. दुसऱ्यावर नोएलियास शब्दशः लिहिलेला. मी स्वतःच तो शब्द कंपायलरच्या तोंडात घातला होता.

हा शब्द सी९९ मधल्या रिस्ट्रिक्टच्या घरातला. सीमध्ये रिस्ट्रिक्ट मोजक्या ठिकाणी लिहितात, रस्टमध्ये मात्र जवळपास प्रत्येक म्यूटेबल रेफरन्सवर नोएलियास लागतो. एलएलव्हीएमच्या या वाटेवरून इतकी वर्दळ आधी कधी झालीच नव्हती, त्यामुळे तिथल्या जुन्या चुका रस्टने उघड्या केल्या. चुकीचा कोड निघायला लागल्यावर रस्टने हा शिक्का एकाहून अधिक वेळा बंद केला आणि एलएलव्हीएम १२ आल्यावर २०२१ मध्ये पुन्हा चालू केला. म्हणजे माझा गार्ड मधल्या वर्षांतल्या कंपायलरवर लिहिला असता तर आयआरमध्ये काहीच दिसलं नसतं. चूक तेव्हाही चूकच होती.

१५ सप्टेंबर

गार्ड बदलला. पानाचा म्यूटेबल रेफरन्स काढून टाकला. आता गार्डमध्ये फक्त लॉकचा रेफरन्स. पानात लिहायचं असेल तेव्हा डेरेफ-म्यूटच्या (गार्डमधून डेटाकडे नेणाऱ्या फंक्शनच्या) आत त्या क्षणी नवा म्यूटेबल रेफरन्स करायचा, आणि त्याचं आयुष्य गार्डच्या बॉरोशी बांधलेलं. तो रेफरन्स कुणाच्या हाती असताना गार्ड ड्रॉप करता येत नाही, हे बॉरो चेकर पाहतो. वचन आणि लॉक आता एकाच मुदतीचे.

मग स्टँडर्ड लायब्ररीत डोकावले. म्यूटेक्सगार्डमध्ये म्यूटेक्सचा रेफरन्स आहे, आतल्या डेटाचा नाही. आरडब्ल्यूलॉकच्या वाचणाऱ्या गार्डमध्ये डेटाकडे पॉइंटर आहे, पण तो नॉननल (असं वचन न देणारा रॉ पॉइंटर), साधा रेफरन्स नव्हे. रेफसेलच्या रेफ आणि रेफम्यूटमध्येही तसंच. आणि शेजारी कॉमेंट, मी दोन दिवस ज्याच्याशी झगडले नेमक्या त्या गोष्टीची: आर्ग्युमेंट म्हणून आलेला गार्ड अख्ख्या स्कोपभर हमी धरत नाही, ड्रॉप होईपर्यंतच धरतो. वाचणाऱ्या गार्डलाही हे लागू आहे, कारण साधा रेफरन्ससुद्धा वचन देतो, ‘फंक्शनभर हे बदलणार नाही’ असं. मी लिहिणाऱ्या गार्डपाशीच अडकल्यामुळे ही बाजू माझ्या लक्षात आली नव्हती.

चार ओळींची टेस्ट मिरीखाली पास.

१६ सप्टेंबर

कालची दुरुस्ती नवं भोक पाडून गेली. हे सापडलं ते सहकाऱ्यामुळे. पॅच पाहून त्याने एवढंच विचारलं, “अगं, तुझा गार्ड आता सिंक कधी असतो?” मी म्हटलं, “आतला डेटा सिंक असेल तेव्हा, पूर्वीसारखाच.” तो म्हणाला, “फील्ड बघून सांग.”

फील्ड बघितलं. सेंड आणि सिंक (अनेक थ्रेडना एकाच वेळी साधा रेफरन्स देता येणं) कंपायलर फील्डवरून ठरवतो. आधी गार्डमध्ये डेटाचा म्यूटेबल रेफरन्स होता, तो सिंक असायला डेटा सिंक असावा लागतो, म्हणून गार्डवर ती अट आपोआप होती. आता उरला लॉकचा रेफरन्स. आणि लॉक सिंक असायला आतला डेटा फक्त सेंड असला तरी चालतं, लॉकचं कामच ते: एका वेळी एकालाच आत सोडणं. म्हणजे सेल (साध्या रेफरन्सनेही बदलता येणारा, सेंड पण सिंक नसलेला प्रकार) असलेलं लॉक सिंक, लॉकचा रेफरन्स सिंक, म्हणून त्या सेलचा गार्डही सिंक.

आणि ते चूक आहे. एका थ्रेडने गार्ड घेतला, त्या गार्डचा साधा रेफरन्स दोन थ्रेडना दिला, तर दोघांच्या हाती एकाच सेलचा साधा रेफरन्स येतो. लॉक एकदाच घेतलेलं, आत माणसं दोन. टेस्ट लिहिली: सेलमध्ये आकडा, दोन स्कोप्ड थ्रेड, दोघंही वाचून एकने वाढवतात. अनसेफचा एक शब्दही नसलेली ती टेस्ट कंपाइल झाली. मिरीने या वेळी स्पष्ट शब्दांत डेटा रेस सांगितली.

स्टँडर्ड लायब्ररीच्या म्यूटेक्सगार्डमध्ये हीच चूक होती. २०१७ मध्ये राल्फ युंग यांना ती सापडली, रस्टबेल्ट या प्रकल्पात लायब्ररीतले प्रकार सुरक्षित असल्याची गणिती सिद्धता देताना. म्यूटेक्सगार्डची सिद्धता पुरी होईना, कारण सिद्ध करायची गोष्टच खरी नव्हती. जी चूक टेस्ट चालवून सहजी कोणाच्या हाती लागली नसती, ती कागदावर अडली. हे मला फार मोलाचं वाटतं.

मला नेमकं काय हवंय ते आज शब्दांत मांडता आलं. म्यूटेबल रेफरन्स फील्ड म्हणून ठेवला की तीन गोष्टी एकगठ्ठा येतात. सेंड-सिंकच्या अटी. लाइफटाइम ताणता-आखडता न येण्याची शिस्त, म्हणजे इन्व्हेरियन्स. आणि फंक्शनभराचं एकमेवपणाचं वचन. पहिल्या दोन मला हव्यात, तिसरी नको. फँटमडेटा आहे तो यासाठीच: ‘माझ्याकडे असा रेफरन्स आहे असं समज’ एवढं टाइप सिस्टिमला सांगायचं, पण मेमरीत काही ठेवायचं नाही. शून्य बाइटचं फील्ड. त्यात पॉइंटरच नाही, मग त्यावर नोएलियास लागायचा प्रश्न नाही आणि मिरीलाही टॅग लावायला काही नाही. एक ओळ टाकली आणि सेलवाली टेस्ट कंपाइल व्हायची थांबली. आता ती कंपाइल-फेल डॉक टेस्ट म्हणून कायमची ठेवली आहे. उद्या कुणी ‘हे रिकामं फील्ड कशाला’ म्हणून काढलं तर तीच टेस्ट ओरडेल.

१९ सप्टेंबर

छोटी नोंद. जुन्या एडिशनवरच्या (रस्टच्या नियमांच्या जुन्या आवृत्तीवरच्या) एका मॉड्यूलमध्ये टेस्ट लटकली. इफ-लेटच्या अटीतच लॉक घेऊन पान शोधलं होतं आणि एल्स शाखेत तेच लॉक पुन्हा घेतलं होतं. अटीत जन्मलेला निनावी गार्ड २०२१ एडिशनमध्ये एल्स संपेपर्यंत जगतो, म्हणून थ्रेड स्वतःच स्वतःची वाट पाहत बसला. २०२४ एडिशनमध्ये, म्हणजे फेब्रुवारी २०२५ मधल्या रस्ट १.८५ पासून, तो एल्सच्या आधीच ड्रॉप होतो. एडिशन बदलली, टेस्ट चालली. मॅचला मात्र हा बदल लागू नाही, तिथे निनावी गार्ड शेवटच्या कंसापर्यंत तसाच असतो. म्हणून नियम केला की गार्डला नाव द्यायचं, आधी लेट, मग मॅच. नाव देताना नुसता अंडरस्कोअर नको, तो गार्डला जागच्या जागी ड्रॉप करतो आणि लॉक घेतल्याचा फक्त भास उरतो.

२२ सप्टेंबर

दोन पानं एकदम लॉक करायची वेळ आली. पान भरलं की अर्ध्या नोंदी शेजारच्या पानात सरकवायच्या, तेव्हा दोन्ही हातात हवीत. एका थ्रेडने ५ घेऊन ९ ची वाट पाहायची आणि दुसऱ्याने ९ घेऊन ५ ची, ही कोंडी टाळायला नेहमीचा उपाय: पान क्रमांकाच्या चढत्या क्रमानेच लॉक घ्यायचं, मागणारा कसाही मागो.

खरा प्रश्न दोन्ही क्रमांक एकच असतील तर काय हा होता. लॉक वापरत असू तर थ्रेड स्वतःपाशीच अडकतो. वाईट, पण निदान मेमरी शाबूत राहते. कॅश बंद करताना मात्र अख्ख्या कॅशवर आपलाच ताबा असतो, तिथे लॉक न घेता थेट म्यूटेबल रेफरन्स काढायची वाट आहे, आणि तिथे मी ‘दोन वेगळ्या क्रमांकांची पानं’ असं गृहीत धरून अनसेफ लिहिलं होतं. एकच क्रमांक दोनदा आला तर एका पानाचे दोन म्यूटेबल रेफरन्स, मुकाट्याने. अडकून पडण्यापेक्षा हे कितीतरी वाईट. ते अनसेफ पूर्ण काढलं. एप्रिल २०२५ मधल्या रस्ट १.८६ पासून स्लाइसवर गेट-डिसजॉइंट-म्यूट आहे: अनेक क्रमांक द्या, ते सगळे वेगळे आणि हद्दीत असतील तरच रेफरन्स मिळतात, नाहीतर एरर. लॉकच्या वाटेवरही आधी क्रमांक ताडून एरर द्यायला लागले.

२६ सप्टेंबर

मॅप केलेला गार्ड. अख्खं पान नको, पानाच्या माथ्यावरचा नोंदींचा हिशोब तेवढा दुसऱ्या फंक्शनला द्यायचा, पण लॉक पूर्ण पानाचंच धरून. दोन आठवड्यांत शिकलेलं सगळं इथे एकत्र लागलं.

या गार्डला मूळ डेटाचा प्रकार माहीत नसतो, त्यामुळे लॉकचा रेफरन्स ठेवून डेटा दर वेळी नव्याने काढणं जमत नाही. नेमक्या फील्डकडचा पॉइंटर ठेवावाच लागतो. इथे हात पुन्हा म्यूटेबल रेफरन्सकडे जातो, आणि मग १२ तारखेचं सगळं नव्याने. म्हणून नॉननल. पण नॉननल कोव्हेरियंट आहे: दीर्घ आयुष्याच्या रेफरन्सचं फील्ड अल्प आयुष्याचं म्हणून खपून जातं. नुसतं वाचायचं असेल तर बिघडत नाही. लिहिता येत असेल तर मात्र त्या फील्डमध्ये लवकर मरणारा रेफरन्स लिहून ठेवता येतो, आणि मूळ लॉक त्याला अजून दीर्घायुषी समजत असतं. फँटमडेटात नव्या प्रकाराचा म्यूटेबल रेफरन्स ठेवला की हे दार बंद. सेंड-सिंकच्या अटीही त्याच ओळीतून नव्या प्रकारावर बसतात. हे महत्त्वाचं, कारण २०२० मध्ये फ्यूचर्स-यूटिल क्रेटच्या मॅप केलेल्या गार्डमध्ये त्या अटी मूळ प्रकारापुरत्याच तपासल्या गेल्या होत्या, मॅप होऊन आलेल्या प्रकारावर नाहीत, आणि सुरक्षित कोडमधून डेटा रेस करता येत होती.

मॅप करताना क्रमही जपावा लागतो. मूळ गार्ड शेवटी फॉरगेट करायचा (ड्रॉप न चालवता सोडून द्यायचा), नाहीतर त्याचा ड्रॉप लॉक सोडून देईल. मी ते आधी करून मग क्लोजर (फील्ड निवडणारं छोटं फंक्शन) चालवत होते. क्लोजरमध्ये पॅनिक झालं, म्हणजे ते मध्येच कोसळलं, तर लॉक सोडायला कोणीच उरत नाही आणि पान कायमचं बंद. आता क्लोजर आधी, गार्ड जिवंत असतानाच, आणि पॉइंटर हातात आल्यावर फॉरगेट.

२९ सप्टेंबर

फॉरगेटवरून आणखी एक. गार्ड फॉरगेट करणं रस्टमध्ये सुरक्षित मानलेलं आहे, म्हणजे ड्रॉप होईलच यावर मेमरीची सुरक्षितता कधीच टेकवायची नाही. हा धडा भाषेनेच २०१५ मध्ये घेतला. थ्रेड संपायची वाट आपल्या ड्रॉपमध्ये पाहणारा गार्ड होता, तो फॉरगेट केला की थ्रेड मेलेल्या स्टॅककडे बघत राहायचा. १.० यायच्या आधी तो स्थिर लायब्ररीतून काढला, आणि स्कोप्ड थ्रेड परत आले ते २०२२ मध्ये, क्लोजरच्या रूपात. आमच्या गार्डचा ड्रॉप राहिला तर पान लॉकच राहतं, त्यामुळे अर्धवट पान कोणी वाचू शकत नाही. ‘बदललं’ ची खूणही होत नाही, पण ते पान सुटतच नसल्याने ते कॅशमधून हुसकलंही जात नाही. तपासलं, ठीक आहे.

३ ऑक्टोबर

सगळ्या टेस्ट मिरीखाली ० ते ६३ सीडवर दोनदा चालवल्या: एकदा स्टॅक्ड बॉरोज या नियमांखाली, जे २०२० मध्ये पीओपीएल या प्रोग्रामिंग भाषांच्या परिषदेत मांडले गेले आणि मिरी आजही मुळात वापरतो, आणि एकदा ट्री बॉरोजखाली, जे २०२५ मध्ये पीएलडीआय या तशाच परिषदेत आले. दुसरे काही बाबतींत सैल आहेत, म्हणून सहकारी म्हणाला, “जुना गार्डही त्यावर चालवून बघ, कदाचित चालेल.” चालवून पाहिला. चार ओळींची टेस्ट तिथेही तिसऱ्या ओळीतच पडते. संरक्षक टॅग दोन्हीकडे आहे, आणि एकदा लिहून झालेल्या म्यूटेबल रेफरन्सच्या जागेत परक्याने डोकावणं दोन्हीकडे चूक आहे.

६ सप्टेंबरची कॉमेंट आज बदलली. आता डेरेफ-म्यूटमधल्या अनसेफ ओळीवर असं आहे: ‘हा गार्ड बॉरो केलेला आहे तोवर लॉक सुटू शकत नाही, म्हणून हा रेफरन्स स्वतःच्या आयुष्यापुरता एकमेव आहे. तो गार्डमध्ये साठवू नका.’ फँटमडेटाच्या ओळीवर कंपाइल-फेल टेस्टचं नाव लिहिलं. पॅच मुख्य शाखेत गेला. उद्यापासून डिस्कवर लिहिणारा थ्रेड, ज्याच्यासाठी गार्ड सेंड हवा होता तो.